अक्कानं पाहिलेली स्थळं

माझ्या मावसबहिणीइतका देखणा घटस्फोट साऱ्या बीड जिल्ह्यात दुसऱ्या कुणाला लाभला नसेल. हे मी कौतुकानं म्हणत नाही, जळून म्हणते आहे. नवऱ्यापासून सुटलेल्या बाईनं कसं दिसावं याची आमच्याकडे एक रीत ठरलेली आहे. तिनं खालमानेनं चालावं, लग्नात मांडवाच्या खांबाआड बसावं, कुणी "कसं काय?" म्हणून विचारलं की पदराचं टोक बोटाला गुंडाळावं. आमची ही बाई मात्र माहेरचं दूधतूप अंगी लागलेल्या लेकीसारखी टवटवीत झाली. ज्या दिवशी निकाल लागला त्या दिवशी दोघं कोर्टातून बाहेर पडले, तर त्याच्या मोटारसायकलचं चाक बसलेलं. ही आपली स्कूटी काढून निघाली होती. हिनं त्याला हाक मारली, मागं बसवलं आणि बसस्टँडवर नेऊन सोडलं. वाटेत आमच्या अर्ध्याअधिक सोयऱ्यांनी ही वरात पाहिली आणि संध्याकाळपर्यंत मावशीच्या घरचा फोन खाली ठेवायची सोय राहिली नाही. मी स्वतः तिला झापायला गेले, तर ती पाय पसरून शेंगा सोलत बसलेली. "नवरा न्हाई ऱ्हायला म्हणून काय झालं?" ती म्हणाली. "वळखीचा तर हाय की." मी तिच्यासोबत शेंगा सोलायला लागले.

ती माझ्यापेक्षा काही महिन्यांनीच मोठी, पण तेवढ्या भांडवलावर तिनं जन्मभर माझ्याकडून अक्का म्हणवून घेतलं. तिची वेणी कमरेखाली जायची, माझी खांद्यापर्यंत येऊन थकायची. दिंद्रुडला आजोळी आम्हा दोघींना एकाच उन्हाळ्यात गोवर आला, पण तिला तो आधी आला. तिच्यासाठी कडुलिंबाचे डहाळे आले, आजोबा उशाशी बसून राहिले, गल्लीतल्या बाया खडीसाखर घेऊन बघायला आल्या. माझा गोवर निघेपर्यंत सगळ्यांना गोवराचा कंटाळा आला होता. पुढंही असंच चालू राहिलं. ती नर्सिंग शिकली आणि शिरूर कासारच्या बाजूला एका उपकेंद्रावर आरोग्यसेविका झाली. मला बीडातल्या भांड्यांच्या दुकानात देऊन टाकलं. म्हणजे दुकानाच्या मालकाला, पण फरक फारसा नाही. तिला नवरासुद्धा माझ्या नवऱ्यापेक्षा उंच मिळाला. आता तो सुटला तर मी मनातल्या मनात म्हटलं, चला, आता तरी आपण हिच्या पुढं. पण तीही आशा फोल ठरली, कारण सुटल्यावर ती आणखीच पुढं गेली.

अक्काची एक खोड मोठी विचित्र. ती माणसाशी बोलता बोलता त्याचं मनगट धरते आणि नाडीवर बोट ठेवते. तिचं म्हणणं असं की जीभ कितीही फिरली तरी नाडी फिरत नाही. भाजीवाल्याला "मेथी आजचीच हाय ना?" असं विचारताना तिनं त्याचा हात धरल्याचं मी या डोळ्यांनी पाहिलं आहे. बिचाऱ्यानं स्वतःहून जुडी बदलून दिली. ती आमच्या घरी आली की आमचे हे दोन्ही हात मांड्यांखाली घालून बसतात. तिची दुसरी खोड म्हणजे समोरच्याला जेवलास का, असं विचारल्याशिवाय त्याच्या हाती काही सोपवायचं नाही. एसटीत चढायच्या आधी ती ड्रायव्हरच्या खिडकीखाली उभी राहून विचारणार, "भाऊ, जेवला का?" त्यानं नाही म्हटलं तर पुढच्या गाडीनं जाणार. "उपाशी माणूस रागात चालवतंय," हे तिचं शास्त्र. एकदा एका ड्रायव्हरला तिनं पिशवीतली भाकरी-ठेचा काढून दिला, तो खाऊन होईपर्यंत गाडी थांबली, आणि गाडीतल्या लोकांनी तिला शिव्या देण्याऐवजी ठेचा कसा केला ते विचारलं. मी असं काही केलं असतं तर मला खाली उतरवलं असतं.

तिचा संसार का मोडला, हे मला लोक अजून विचारतात. दारू, मारहाण, दुसरी बाई, असलं काही ऐकायला मिळेल म्हणून पुढं सरकून बसतात. तसलं काही नव्हतं. तो माणूस चांगला होता. फक्त तो तिला काही विचारत नसे. घराचा रंग, तिच्या पगाराचं काय करायचं, दिवाळीला कुठं जायचं, सगळं त्याचं ठरलेलं असायचं. एकदा त्यानं तिला गाडीवर बसवून नेलं, एका कचेरीत चार ठिकाणी सह्या करायला लावल्या आणि परत आणून सोडलं. लिंबागणेशच्या रस्त्याला आपल्या नावावर अर्धा प्लॉट आहे हे तिला शेजारणीकडून कळलं. "तेनं मला कवा दुखवलं न्हाई," अक्का मला म्हणाली होती. "पण कवा इचारलं बी न्हाई. मी घरात हाय का न्हाई, हेच मला उमगंना झालं." शेवटी दोघांनी समजुतीनं वेगळं व्हायचं ठरवलं. प्लॉट विकून पैसे निम्मे झाले, कोर्टात काही रक्कम तिला एकदम मिळाली, आणि लगोलग आयकराचं रिटर्न भरायचे दिवस आले.

आजवर तिचं रिटर्न नवराच कुणाकडून तरी भरून घ्यायचा. आता ते आपण स्वतः भरायचं, असं अक्कानं ठरवलं आणि आमच्याकडे येऊन घरातल्या जुन्या कॉम्प्युटरसमोर मांडी घालून बसली. आमच्या ह्यांनी हात मांडीखाली ठेवूनच सल्ला दिला की नोकरदार बाईला टॅक्सवाला कशाला लागतो, आजकाल पोरंसोरं मोबाईलवर रिटर्न भरतात. अक्कानं आपला नंबर टाकला, पासवर्ड आठवेना म्हणून नवीन मागितला, आणि पडद्यावर आलं की तुमच्या नोंदलेल्या मोबाईलवर ओटीपी पाठवला आहे. आम्ही दोघी तिच्या मोबाईलकडे बघत बसलो. चहा झाला, खारी संपली, मोबाईल गप्प. मग तिच्या डोक्यात उजेड पडला. नोंदलेला मोबाईल नवऱ्याचा होता. म्हणजे कोर्टानं सोडवलं तरी सरकारच्या लेखी तिच्याशी बोलायचं तर अजून त्याच्याच खिशातून बोलावं लागत होतं. तिनं त्याला फोन लावला. कोर्टानंतरचं त्यांचं पहिलं बोलणं. त्यानं सहा आकडे नीट एकेक करून सांगितले, आणि शेवटी विचारलं, "जेवलीस का?" "हे आता सुचलं तेला," असं म्हणून अक्कानं फोन ठेवला आणि कॉम्प्युटरही बंद केला. तिच्या डोळ्यांत पाणी होतं हे मला दिसलं. पण खरं सांगते, मला आधी वाटला तो हेवाच. सोडलेल्या नवऱ्यानं विचारावं जेवलीस का, आणि माझा एका ताटाच्या अंतरावर बसून मीठ कुठंय एवढंच विचारतो.

"हे तुटलं पायजे," अक्का म्हणाली. "माझं माझ्याकडं आलं पायजे." त्या दिवसापासून तिचा जीव त्या एका गोष्टीत अडकला. तिला कराची भीती नव्हती. भीती एवढीच होती की एका खिशातून सुटून आपण दुसऱ्या खिशात जाऊन पडू. आणि दुसरा खिसा तयारच होता. तिचा थोरला भाऊ, आमचा दादा, राजकारणातला माणूस. कधीकाळी पंचायत समितीवर होता, ते पद अजून त्याच्या गाडीच्या काचेवर आहे. त्यानं फर्मान काढलं, "बीडात आपला माणूस हाय. सगळे कागद तेच्याकडं टाक. तू कावून डोकं लावायलीस?" त्याच्या मनात आणखी एक होतं, आणि ते सगळ्यांना ठाऊक होतं. आलेला पैसा कुठं गुंतवायचा हे पुढं त्या माणसानं दादाला विचारून ठरवावं, असा त्याचा बेत. अक्कानं भावाचं मनगट हातात घेतलं, जरा वेळ धरलं आणि सोडून दिलं. मग ती म्हणाली, "दादा, पगार किती, सोनं किती, कोर्टात काय मिळालं, हे मी नवऱ्याला बी धड सांगितलं न्हाई. टॅक्सवाल्याला सगळं सांगावं लागतंय. नवरा मला बघून गेला, मी तेला बघितलंच न्हाई. मान खाली घालून पोहे दिले आन् आले. ह्यो मी बघून करणार. पसंत पडला तर करीन, न्हाई तर तशीच ऱ्हाईन."

आणि खरोखर तिनं टॅक्सवाले बघायला सुरुवात केली. साधंसुधं नाही, रीतसर. सुट्टीच्या दिवशी ठेवणीतली साडी नेसायची, कपाळाला विभूतीचं बोट लावायचं, मला मागं बसवायचं आणि निघायचं. मुलगी बघायला जाताना जाणती एक बाई सोबत लागते, ती मी. तिचे प्रश्न ठरलेले होते. पहिला, जेवलात का. दुसरा, तुमचं स्वतःचं रिटर्न कोण भरतं. तिसरा, तुमच्या घरातल्या बाईला तुमचा धंदा काय चालतो ते ठाऊक आहे का. उत्तर देताना हात तिच्या हातात.

पहिलं स्थळ अर्थात दादाच्या माणसाचं, आणि दादा स्वतः सोबत आला. मोठं ऑफिस, थंडगार हवा, भिंतीवर पुढाऱ्यांबरोबरचे फोटो. त्या माणसानं दादाला हार घालायचाच काय तो बाकी ठेवला. अक्कानं विचारलं, प्लॉट विकला त्याच्यावर कर बसेल का. तो दादाकडे वळून म्हणाला, "साहेब, ताईंना सांगा, काळजी करायची नाही." ताई हातभर अंतरावर बसल्या होत्या. तिनं पुन्हा विचारलं, कोर्टातून मिळालेल्या रकमेचं काय. तो पुन्हा दादाला म्हणाला, "साहेब, आपण बसून बघू ना निवांत." बाहेर आल्यावर दादानं मिशीवरून हात फिरवत विचारलं, "कसा काय वाटला?" अक्का म्हणाली, "ह्यो माझ्याशी बोलला कवा? असा एक करून झालाय, दादा." दादा गाडीत बसून दार आपटून निघून गेला आणि आम्ही दोघी रसवंतीत जाऊन उसाचा रस प्यालो. इतका गोड रस मी बऱ्याच वर्षांत प्याले नव्हते.

दुसरं स्थळ तरुण होतं. झेरॉक्सच्या दुकानात मागच्या बाजूला त्याचं टेबल. "मॅडम, टेन्शन घेऊ नका, दहा मिनिटांत करून टाकतो," असं तो आम्ही बसायच्या आधी म्हणाला. गडी बोलका. आपल्याकडे कोण कोण येतं हे सांगायच्या भरात त्यानं आमच्या ओळखीच्या एका डॉक्टरांची कमाई, एका गुरुजींचं कर्ज आणि एका व्यापाऱ्याची दुसरी जागा, एवढं सगळं ओतलं. अक्का गालाला हात लावून मोठ्या गोडीनं ऐकत होती, मध्येच "अगं बाई, व्हय का?" म्हणून त्याला पुढं ढकलत होती. मीही ऐकत होते, खोटं कशाला बोलू. सगळं ऐकून झाल्यावर ती उठली. "लई चांगला हायस रे लेकरा," ती त्याला म्हणाली, "पण उद्या माझं बी कुणाला तरी असंच गोड लागंल."

तिसरं दिंद्रुडचं, आजोळच्या ओळखीतलं. आडत दुकानदारांचे हिशोब बघणारे एक वृद्ध गृहस्थ. पांढरं धोतर, गळ्यात इष्टलिंग, बोलणं अगदी लोण्यासारखं. त्यांनी आम्हाला दूध दिलं, सगळं ऐकून घेतलं, आणि डोळे मिटून म्हणाले, "पोरी, एका घराच्या दोन फायली कराव्या, हे माझ्या हातून व्हायचं न्हाई. अजून वेळ गेली न्हाई. मी बोलू का जावईबापूंशी?" अक्कानं त्यांचा हात धरला होता. नाडी अगदी संथ आणि खरी चालली होती, हे तिनं मला नंतर सांगितलं. म्हणूनच तिला काही उलट बोलता येईना. ती त्यांच्या पाया पडली आणि आम्ही निघालो.

अशी आणखीही काही स्थळं झाली. एकाचा पानाचा तोबरा तिला पसंत पडला नाही, एक घरात बायकोवर खेकसत होता, एकानं आम्हाला पाहिल्यावर "सोबत कुणी पुरुष माणूस नाही का?" असं विचारलं आणि त्याच क्षणी तो निकालात निघाला. मला विचाराल तर ही शोधमोहीम जन्मभर चालली असती तरी माझी ना नव्हती. दुकान, डबे, सासूबाईंची औषधं सोडून मी अशी कधी हिंडले नव्हते. रस्त्यात कुठंही थांबायचं, बांधावर बसून डबा खायचा, टॅक्सवाल्यांच्या नकला करायच्या. अक्का विचारायची, "कसा वाटला गं?" आणि मी प्रत्येकात काही ना काही खोट काढायची. आमचे हे म्हणाले, "एवढ्या दिवसांत तिचं दुसरं लग्न जमलं असतं." मी म्हटलं, "जमलं तर ती कशाला मला गाडीवर घेऊन हिंडंल?" त्यांना त्यातलं काही कळलं नाही.

आणि मग माजलगावात टॅक्सचं काम करणारी एक मॅडम निघाली. पिठाच्या गिरणीच्या वर तिची खोली. जिना चढताना ज्वारीचा वास, फायलींवर पिठाची भुकटी, खालून पट्ट्याची घरघर. म्हणून मॅडम बोलायची तीच मुळी वरच्या पट्टीत. आमच्याच वयाची, जाड चष्मा, केसांत थोडं पीठ. अक्कानं तिचं मनगट धरलं तर तिनं हात सोडवला नाही, दुसऱ्या हातानं लिहायला लागली. जेवलात का, म्हटल्यावर म्हणाली, "न्हाई, तुमच्या डब्यात काय हाय?" मग आम्ही तिघी आधी जेवलो. जेवता जेवता तिनं विचारलं ते एकाही स्थळानं विचारलं नव्हतं. "नोंदलेला मोबाईल कुणाचा हाय?" अक्काच्या हातातला घास थांबला. "आधी ते सोडवू," मॅडम म्हणाली. "आधारला नंबर तुमचा हाय ना? मग होतंय. मला पसंत करा का नका करू, ते मागून बघा." नंतर तिनं सगळे कागद पाहिले आणि अक्काकडे बघून, फक्त अक्काकडे बघून, स्पष्ट सांगितलं, "यंदा तुमाला माझी गरज हाय. प्लॉटचं नीट दाखवलं न्हाई तर नोटीस येईल. पुढच्या साली निस्ता पगार ऱ्हाईल, तवा तुमचं तुमी भरा. मी शिकवीन." धंदेवाल्या माणसानं पुढच्या वर्षी येऊ नका म्हणून सांगावं, हे अक्कानं पहिल्यांदाच ऐकलं. तिनं माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. कसा वाटला, हे या वेळी ती मला विचारणार नव्हती, हे मला तिथंच कळलं.

मॅडमनं सहज म्हणून माझ्याकडे मोहरा वळवला. "आन् ताई, तुमी काय करता?" मी म्हणाले, "शिवणकाम." कारण कागदोपत्री मी शिवणकामच करते. आमच्या ह्यांनी दुकानाची थोडी कमाई माझ्याकडं वळवून माझ्या नावानं तसं रिटर्न भरायला कधीची सुरुवात केली आहे, आणि त्यात माझं काम एवढंच की मोबाईल वाजला की स्वयंपाकघरातून आकडे ओरडायचे. मॅडमची नजर माझ्या ब्लाऊजवर गेली. हुकाच्या जागी सेफ्टीपिन होती. अक्का हसायला लागली ती थांबेचना, तिला टेबलाचा आधार घ्यावा लागला. मॅडम हसली नाही. "कुणी तरी शिवत असंल तुमच्या नावानं," एवढंच म्हणाली. मला तिचा राग आला, आणि तो राग घरी येऊनही गेला नाही.

त्याच दिवशी मॅडमसमोर नंबर बदलला. अक्काच्या स्वतःच्या मोबाईलवर पहिला ओटीपी आला तेव्हा तिनं तो मला असा दाखवला की जसं कुणी बाळ दाखवावं. "बघ, माझ्याकडं आलं," ती म्हणाली. दुसऱ्या दिवशी नवऱ्याचा फोन आला, की नंबर बदलल्याचा मेसेज आलाय, सगळं ठीक आहे ना. "ठीक हाय," अक्का म्हणाली. मग तिनंच विचारलं, "तू जेवलास का?" आणि दादाला तिनं कळवून टाकलं की पसंती झाली. दादा म्हणाला, बाईमाणसाला टॅक्समधलं काय कळतं. ती म्हणाली, "भरणारी बाईच हाय ना? मग भरून देणारी बाई असली तर काय बिघडलं?"

तिथून माझे वाईट दिवस सुरू झाले. आता अक्काच्या तोंडी दर वाक्याला मॅडम. मॅडम म्हणतात बँकेचा पत्ता बदल, मॅडम म्हणतात सगळं एका जागी ठेव, मॅडम चहात साखर घालत न्हाईत. सुट्टीच्या दिवशी ती एकटीच माजलगावला जायला लागली. मला विचारलंसुद्धा नाही. येताना गिरणीतून ज्वारी दळून आणायची, आणि वर त्यातलं मला द्यायची. "मॅडमच्या गिरणीचं पीठ, भाकरी लई मऊ होतीय." मी त्या पिठाला हात लावणार नव्हते, पण घरातलं संपलं होतं. भाकरी मऊ झाली, याचा मला आणखी संताप आला. जन्मभर मी अक्काच्या वस्तूंवर जळत आले. वेणी, गोवर, नोकरी, नवरा, घटस्फोट. पण ते जळणं सुद्धा एक प्रकारचं सोबत राहणं होतं. आता पहिल्यांदा मी अक्कावर नाही, तर अक्का जिच्याकडे गेली तिच्यावर जळत होते, आणि हे जळणं फार एकटं होतं. रात्रंदिवस मला त्या बाईच्या केसांतलं पीठ दिसायचं.

मग एका रविवारी दुपारी अक्का आली. मी चहा दिला, पण बोलले नाही. तिनं चहा फुंकत विचारलं, "तुझं आधारवरचं पूर्ण नाव काय हाय गं? आन् जन्मतारीख?"

"कशाला? तुझ्या मॅडमला माझं शिवणकाम बघायचंय का?"

"बघ, आली जळाऊ," ती म्हणाली. "बँकेच्या ठेवीवर अजून वारस म्हणून तेचंच नाव हाय. मॅडम म्हणल्या, हे बी बदलून घ्या, तुमच्या मागं कुणाला द्यायचं ते तुमीच ठरवा. मी तुझं सांगितलं."

"माझं? दादाचं न्हाई? मावशीचं न्हाई? तुझ्या मॅडमचं न्हाई?"

"दादा लगेच हिशोब धरंल. आईला कशाचं काय सांगावं आता, तिचं वय झालं. मॅडम तर मॅडमच." तिनं बशी खाली ठेवली आणि माझं मनगट धरलं. "तुला लहानपणापास्नं माझ्या एकेका वस्तूवर नजर ठेवायची सवय हाय. माझी रिबिन कुठली, बांगडी किती, कोणच्या सणाला कोणती साडी, माझ्यापेक्षा जास्ती तुला ठावं. एवढं ध्यान माझ्याकडं कुणी दिलं सांग बरं. तेनं दिलं? दादानं दिलं?"

तिला सगळं ठाऊक होतं, आणि ते तिनं इतकी वर्षं चालवून घेतलं होतं. माझी नाडी तिच्या बोटाखाली काय करत होती कोण जाणे. ती सांगेना आणि मी विचारेना. मी नाव सांगितलं, तारीख सांगितली. "म्हंजे आठच महिने," ती म्हणाली. "मला वाटायचं मी लई मोठी हाय." जन्मभर ज्या ज्या गोष्टीचा मला हेवा वाटला, तिच्या त्या सगळ्या गोष्टी एक दिवस माझ्या व्हायच्या होत्या. आणि त्या होण्यासाठी आधी जे व्हावं लागतं, ते मनात आलं मात्र, आणि मला तिचं काही म्हणजे काही नको झालं. मी म्हणाले, "अक्का, मीच आधी गेले तर?" ती म्हणाली, "मग दुसरं कुणी जळणारं हुडकावं लागंल. सोपं न्हाई ते." आणि पदर खोचून निघाली.

मी तिच्यामागं दारापर्यंत गेले. तिनं स्कूटी सुरू केली आणि मागं न बघता वळवली. लहानपणापासून ती अशी पुढं निघाली की माझ्या मनात एकच यायचं, हिला कुठंतरी जरा ठेच लागावी. त्या दुपारी मी उंबऱ्यावरून ओरडले, "अक्का, हळू जा गं माय!" आवाज एवढा मोठा निघाला की समोरची बाई खिडकीत आली. अक्कानं एक हात वर केला आणि होती तशीच जोरात निघून गेली. ती शिरूरला पोचल्याचा फोन येईपर्यंत मी संध्याकाळचा कुकर लावला नाही.